दादांना कोण पाडणार

सात गोल खाल्ल्यावर माणसं मान खाली घालून घरी जातात. ‘मावळे’ संघाने फोटो काढला. पुढची रांग गुडघ्यांवर, मागची रांग एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, सगळ्यांचे दात बाहेर. आणि कॅमेरा दिला तोसुद्धा कुणाकडे, तर ज्या कंपनीच्या पोरांनी हे सात गोल चढवले होते त्यांच्यातल्याच एकाकडे. “दादा, या ना, तुमच्याशिवाय फोटो कसला?” असं संघातला अभय म्हणाला आणि निशिकांतचं डोकं फिरलं. त्याने पायातला बूट उपसून जमिनीवर आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की यापुढे या संघात एकतर मी राहीन नाहीतर हे दात राहतील. पोरं हसली. दादा चिडले की कोल्हापुरी बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना आवडायचंही. त्यांना वाटलं, हीसुद्धा मजाच आहे.

निशिकांत त्रेचाळीस वर्षांचा होता. सिंगापुरात येऊन तेरा वर्षं झाली होती, एका बँकेच्या बॅक ऑफिसात चाळीस माणसं त्याच्या हाताखाली होती, क्लेमेंटीत स्वतःचा फ्लॅट होता, नागरिकत्वही घेऊन झालं होतं. पण फुटबॉलचा विषय निघाला की हा सगळा मुलामा उडायचा आणि आतला पेठेतला पोरगा बाहेर यायचा. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात आणि तालीम पेठेची असते. आपली पेठ हरली की निशिकांतचे काका आठवडाभर भाजी आणायलासुद्धा दुसऱ्या गल्लीने जायचे. अठराव्या वर्षी, तालमीच्या साध्या प्रॅक्टिसमध्ये, निशिकांतने स्वतःच्या थोरल्या चुलतभावाला असं टॅकल केलं होतं की त्याचं खांद्यापाशीचं हाड मोडलं. त्याच संध्याकाळी चुलतीने निशिकांतला शेजारी बसवून तांबडा रस्सा वाढला, आणि चुलतभावाने गळ्यात अडकवलेला हात सांभाळत विचारलं ते एवढंच, की तू डावीकडून आलास ते मला दिसलं कसं नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला सात गोलांनंतरचा फोटो कसा सहन व्हावा?

मावळे संघ त्यानेच चार वर्षांपूर्वी काढला होता. पुण्या-मुंबईहून आलेले सॉफ्टवेअरवाले, बँकांतले, ऑडिटमधले असे सोळा जण. कुणी वुडलँड्सहून यायचा, कुणी बुकित पंजांगहून एलआरटीची छोटी ट्रेन आणि बस करत. बुधवारी संध्याकाळी एका शाळेचं मैदान दीड तास मिळायचं. त्यातली वीस मिनिटं बॉलला, चाळीस मिनिटं कुणाच्या पीआरचं, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचं, काय झालं याला, आणि उरलेला वेळ कुठल्या हॉकर सेंटरला जेवायला जायचं हे ठरवायला. रविवारी सामन्यात सगळ्यांना सारखी मिनिटं. उशिरा आलेल्यालाही, दोन आठवडे फिरकलेलाही नसेल त्यालाही. का, तर कुणाला वाईट वाटू नये. असा वाईट न वाटणारा संघ रविवारच्या लीगमध्ये चार वर्षांत तीनदा शेवटचा आला होता, आणि यंदा आयोजकांनी सांगूनच टाकलं होतं की शेवटच्या संघाला पुढच्या वर्षी जागा नाही, दुसरे रांगेत उभे आहेत.

त्या वर्षीचा वर्ल्ड कप नुकताच संपला होता. पुढच्या बुधवारी जो तो कुठल्या ना कुठल्या देशाची करकरीत जर्सी घालून आला. निशिकांतने सगळ्यांना मैदानाच्या मध्यावर उन्हात उभं केलं आणि नवा कायदा सांगितला. आजपासून प्रॅक्टिसला नुसता बॉल इकडून तिकडे ढकलायचा नाही. चिठ्ठ्या टाकून चार-चार जणांचे चार संघ करायचे, दहा-दहा मिनिटांचे सामने खेळायचे, प्रत्येक सामन्याचा निकाल लावायचा. जिंकणाऱ्या चौघांना प्रत्येकी तीन गुण, हरणाऱ्यांना मैदानाला दोन फेऱ्या. गुणांची यादी अभय ऑफिसात करेल आणि दर बुधवारी सामानाच्या खोलीच्या दाराला चिकटवेल. यादीतले पहिले अकरा रविवारी खेळतील. बाकीचे बसतील, आणि कुणी जायबंदी झाल्याशिवाय उठणार नाहीत.

“नियम सगळ्यांना सारखा,” तो म्हणाला. “मलापण. मी बारावा आलो तर मी बसणार.”

पहिले दोन आठवडे कुरकुर झाली. एकाच्या बायकोने निशिकांतच्या घरी फोन करून विचारलं की भावजींना ऑफिसात टेन्शन कमी आहे का. सप्टेंबरात सुमात्रातल्या जळत्या जंगलांचा धूर आला तेव्हा तिघांनी धुराचं निमित्त काढलं. निशिकांतने त्यांना यादीत शून्य लावलं आणि पुढच्या रविवारी बसवलं. मग मात्र चित्र पालटलं. माणसं अर्धा तास आधी येऊ लागली. ऑडिटमधला चारुदत्त, जो चार वर्षांत कधी घामाघूम झाला नव्हता, तो सकाळी ऑफिसच्या आधी पळायला लागला. बॉल रेषेबाहेर गेला की नाही यावरून अभय आणि गोलकीपर रुचिर यांची अशी जुंपली की दोघं आठवडाभर बोलले नाहीत. निशिकांतने ते ऐकलं आणि मनातून खूश झाला. एकमेकांशी भांडणारा संघ निदान जागा तरी असतो.

यादीत तो स्वतः तिसरा होता. दर आठवड्याला तिसरा, नाहीतर चौथा. त्रेचाळिसाव्या वर्षी! घरी आरशासमोर पोट आत ओढून उभं राहताना त्याला वाटायचं की तालमीत शिकलेलं अंगातून जात नाही ते असं. तो लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, म्हणून खेळायचा, आणि प्रॅक्टिसमध्ये त्याच्यापाशी आलेला बॉल सहसा कुणी काढून नेत नव्हतं.

रविवारी मात्र काहीतरी भलतंच व्हायचं. सातचे चार झाले, चारचे तीन झाले, एकदा तर मावळे दोन-एकने जिंकलेही, पण जे गोल व्हायचे ते बहुतेक डाव्या बाजूने व्हायचे. समोरच्यांचा कुणीतरी एकोणीस वर्षांचा पोरगा यायचा, निशिकांतच्या अंगावरून वारा गेल्यासारखा जायचा आणि मध्ये पास टाकायचा. निशिकांत मग रुचिरवर ओरडायचा की गोल सोडून पुढे का आला नाहीस. अभयवर ओरडायचा की मागे मदतीला का आला नाहीस. ते दोघंही ऐकून घ्यायचे. ‘हो दादा’ म्हणायचे. त्या ‘हो दादा’चासुद्धा त्याला संताप यायचा, पण का येतो हे त्याला कळत नव्हतं.

यादीतला बारावा माणूस होता शिरीष. तिशीतला, कराडचा, बोलायला कमी. तो निशिकांतच्याच बँकेत होता, त्याच्याच हाताखाली. त्याची जागाही लेफ्ट बॅकचीच. त्यामुळे तो बसायचा, आणि लेफ्ट बॅक जायबंदी होत नव्हता. त्यातच त्याचे वडील दोन महिन्यांसाठी सिंगापूरला आले होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला तो माणूस दर रविवारी पांढरा शर्ट इस्त्री करून मैदानावर यायचा, घडीची खुर्ची उघडून बसायचा आणि मुलगा कधी उतरतोय याची वाट बघायचा. सामना संपला की खुर्ची मिटायचा. कोरड्या ठणठणीत जर्सीतला मुलगा ती खुर्ची उचलून बस स्टॉपकडे चालायला लागायचा. निशिकांतला हे दिसत होतं. त्याने मनाशी एकदा म्हटलंही, की बिचारा, पण यादी म्हणजे यादी.

ऑक्टोबरच्या अखेरीस शेवटचा सामना उरला. मावळ्यांना बरोबरी हवी होती. बरोबरी झाली की शेवटून दुसरे, म्हणजे पुढच्या वर्षी जागा पक्की. हरले की संपलं.

त्या आधीच्या बुधवारी अभयने एक नवीन मुलगा आणला. विवेक त्याचं नाव, तीन आठवड्यांपूर्वीच पुण्याहून आलेला, पंचविशीचा. त्याची अजून नोंदणी झाली नव्हती, त्यामुळे रविवारी खेळणार नव्हता, पण एक जण तापाने आडवा होता म्हणून चिठ्ठ्यांत त्याला घेतलं. चिठ्ठीत तो निशिकांतच्या विरुद्ध आला.

पहिल्याच मिनिटाला निशिकांतने बॉल पायात घेतला, सवयीने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, आणि बॉल गेला. विवेक तो घेऊन पुढेही निघून गेला होता. निशिकांतला वाटलं, चुकून. दुसऱ्या वेळी तो सावध होता. विवेकने खांद्याने ढकलून काढला. तिसऱ्या वेळी सरळ पायात घुसला, बॉल एकीकडे आणि निशिकांत दुसरीकडे. ढोपर सोललं. चारुदत्त धावत आला, रुचिर गोल सोडून आला, कुणी पाण्याची बाटली आणली. विवेक बावरून बघत राहिला. निशिकांत त्यांना हाकलत उठला. त्याला राग आला होता, पण त्या रागात एक जुनी, विसरलेली चव होती आणि ती त्याला बरी वाटत होती.

मग पाण्यासाठी खेळ थांबला. निशिकांत ढोपर धुवायला नळावर गेला आणि परत येताना त्याने पाहिलं की अभय विवेकच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला काहीतरी सांगतोय. विवेक मान डोलावत होता.

खेळ पुन्हा सुरू झाला. निशिकांतकडे बॉल आला. विवेक धावत आला, अगदी जवळ आला, आणि वीतभर अंतरावर त्याचा पाय थांबला. निशिकांत त्याच्या बाजूने बॉल घेऊन गेला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तर विवेकने पाय उचलून वाट करून दिली, दारात उभं राहून पाहुण्याला आत घेतात तशी.

निशिकांतने बॉल हातात उचलला आणि सरळ विवेकपाशी गेला. अभयने काय सांगितलं ते त्याने विचारलं. विवेक एकदा अभयकडे बघे, एकदा याच्याकडे. नवा होता, खोटं बोलायची तयारी झाली नव्हती.

“ते म्हणाले, हे दादा आहेत,” विवेक म्हणाला. “दादांना कुणी टॅकल करत नाही.”

अभयने लगेच सारवासारव केली, की नाही दादा, मी फक्त तुमच्या गुडघ्याचं सांगितलं, पूर्वी दुखावला होता ना. निशिकांतचा गुडघा आयुष्यात कधी दुखावला नव्हता. त्याने वळून बाकीच्यांकडे पाहिलं. एकानेही त्याच्या नजरेला नजर दिली नाही, आणि मग एकेक करून सगळं त्याच्या डोक्यात शिरायला लागलं. तिसरा नंबर. दर आठवड्याला तिसरा. ज्या संघात तो असे त्या संघाचा एक माणूस कायम मोकळा, कारण त्याच्या पायातला बॉल काढायचा नाही असं पंधरा जणांनी न बोलता ठरवलेलं. म्हणून तो जिंकत होता, म्हणून यादीत वर होता, म्हणून रविवारी खेळत होता, आणि रविवारी समोरच्या पोरांना तो दादा आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

या लोकांसाठी त्याने काय नव्हतं केलं? अभय आला तेव्हा पहिले दोन महिने त्याच्याच घरी राहिला होता. रुचिरच्या पीआरच्या अर्जाबरोबर पत्र त्याने दिलं होतं. चारुदत्तच्या बायकोची नोकरी त्याच्या शब्दावर झाली होती. हे सगळं त्याने हौसेने केलं होतं, आणि त्याची परतफेड ही अशी, बुधवारच्या बुधवार, वीतभर अंतरावर थांबलेल्या पायांनी. त्याच्या अंगाची आग झाली.

“खोटारडे आहात सगळे,” तो ओरडला. “तीन महिने मला खेळवलंत व्हय रे? मी काय गणपती आहे मखरात बसवायला?”

मग त्याने हुकूम सोडला. आता खेळ सुरू करायचा आणि प्रत्येकाने मला पाडायचं. जो पाय मागे घेईल त्याने पाच फेऱ्या मारायच्या. झालं, हुकूम म्हटल्यावर माणसं तयारच. चारुदत्त लांबून धावत आला, निशिकांतला हात लागायच्या आतच स्वतः कोलमडला. रुचिर अंगावर यायच्या आधीच ‘सॉरी दादा’ म्हणाला. अभयने बॉल काढला खरा, पण काढून झाल्यावर पुन्हा त्याच्याच पायाशी आणून ठेवला. पंधरा शिकलेली, मोठाल्या पगारांची माणसं त्या हिरवळीवर नाटक करत होती आणि निशिकांतचा पारा चढत होता. आदर करू नका अशी आज्ञा केली, तर तीसुद्धा आदराने पाळत होते!

तेवढ्यात त्याला शिरीष दिसला. तो समोर उभा होता, हात मागे बांधून, नजर खाली. ऑफिसात मीटिंगमध्ये उभा राहतो तसाच. निशिकांतकडे बॉल होता आणि शिरीष जागचा हललासुद्धा नाही.

“काय मर्दा,” निशिकांत म्हणाला, आणि बोलायच्या आधी विचार करायचं भान त्याला राहिलं नाही. “इथंपण मान खालीच? सहा वर्षं बघतोय तुला बँकेत. कधी एका शब्दाने भांडला नाहीस कुणाशी. म्हणून तर बसलायस बेंचवर. तुझ्यासारख्यांच्यासाठीच असतो तो.”

पुढे काय झालं ते त्याला नीट दिसलं नाही. गवत एकदम जवळ आलं आणि हनुवटी आपटली. तोंडात मातीची चव आली. बॉल गेला होता. त्याने मान उचलून पाहिलं तर शिरीष बॉल घेऊन गोलकडे चालला होता आणि रुचिर त्याला अडवायचंही विसरून उभा होता. गोल झाला. निशिकांत उठला. हात द्यायला कुणी आलं नाही, कारण सगळे शिरीषकडे बघत होते.

पुन्हा बॉल आला, पुन्हा शिरीषने काढला. या वेळी पाडायचीही गरज पडली नाही. तिसऱ्यांदा पाडलं. चौथ्यांदा निशिकांतने कोल्हापुरातले सगळे डाव काढले, कोपर, खांदा, जर्सी ओढणं, तरी बॉल गेला. तो धापा टाकत गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. शिरीष परत आला आणि त्याच्यासमोर थांबला.

“लेफ्ट बॅकची जागा माझी होती दादा,” तो म्हणाला. “पहिल्या बुधवारपासून माझी होती. पण ती घ्यायला तुम्हाला पाडायला लागलं असतं, आणि डिसेंबरात माझं अप्रेझल तुमच्या हातात आहे. तुम्हीच सांगा, मी कसं पाडणार होतो? सात रविवार माझे वडील खुर्ची घेऊन येतायत. काल मला विचारत होते, तू खेळतोस ना नक्की, की मला बरं वाटावं म्हणून कपडे घालून येतोस?”

निशिकांतचा राग आणखी भडकला. पण तो काढायचा कुणावर? घड्याळात आठ वाजले होते, शाळेचा रखवालदार फाटकापाशी किल्ल्या वाजवत होता. त्याने दारावरची यादी टराटरा फाडली आणि सांगितलं की ही रद्द. शनिवारी सकाळी जादा प्रॅक्टिस, त्या एका दिवसाच्या गुणांवर रविवारचा संघ. आणि कुणाशीही न बोलता घरी निघाला.

क्लेमेंटीच्या ब्लॉकांमधून चालताना तो स्वतःशी भांडत होता. नियम त्याने केला, यादी त्याने लावली, शिटी त्याच्या तोंडात, आणि सामन्यात खेळाडूही तोच. मग दुसरं काय होणार होतं? कोल्हापुरात चुलतभावाला पाडता आलं, कारण चुलतभावाच्या हातात त्याचं काहीच नव्हतं. इथे पंधरातल्या बारा जणांच्या गळ्यात त्याने काही ना काही उपकार अडकवून ठेवला होता आणि वर त्यांनाच विचारत होता की मर्दासारखे का खेळत नाही. आणि खरं सांगायचं तर ‘दादा, दादा’ ऐकताना त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं, चांगलं गोड वाटत होतं. त्याची लाज वाटली. त्याच्याकडे लाजसुद्धा रागाचंच रूप घेऊन यायची; लिफ्टचं बटण त्याने मुठीने दाबलं.

गुरुवारी ऑफिसात त्याने वरच्या साहेबाला पत्र लिहिलं की शिरीष माझ्या संघात खेळतो, तेव्हा त्याचं या वर्षीचं अप्रेझल दुसऱ्या कुणी करावं. शिरीषला मात्र त्याने ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही उपकारातच जमा झालं असतं.

शनिवारी सकाळी सगळे वेळेवर आले. बुधवारी काय घडलं ते कुणी विसरलं नव्हतं आणि कुणी त्याबद्दल बोलतही नव्हतं. पहिल्या सामन्यात चारुदत्तने निशिकांतला खांदा दिला, जरा भीतभीत. दुसऱ्या सामन्यात अभयने बॉल काढला आणि या वेळी परत दिला नाही. तिसऱ्या सामन्यापर्यंत निशिकांत हा त्यांच्यासाठी एक पोट सुटलेला, हळू पळणारा लेफ्ट बॅक झाला होता आणि जो तो त्याच्याच बाजूने यायला बघत होता. त्याने दोन फेऱ्या मारल्या, चार मारल्या, सहा मारल्या. प्रत्येक फेरीला त्याला संताप येत होता आणि पाय ऐकत नव्हते. अभयने तिथेच बसून हिशेब केला. सोळा जणांत निशिकांत चौदावा.

“शेवटची मॅच आहे दादा,” अभय हळूच म्हणाला. “तुम्ही तरी—”

निशिकांतने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कागद पुढे केला. अकरा नावं निशिकांतने स्वतःच मोठ्याने वाचली. लेफ्ट बॅक, शिरीष. वाचताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, यासाठी त्याला बरंच बळ लागलं.

रविवारी सामना एका हॉटेलच्या कर्मचाऱ्यांशी होता. चपळ पोरं, आणि त्यांच्या उजव्या बाजूचा खेळाडू तर भिंगरीच. सात मिनिटांतच कॉर्नरवरून त्यांचा गोल झाला. पण त्यानंतर तो भिंगरी डाव्या बाजूने एकदाही पार गेला नाही. शिरीष त्याच्या पायात, खांद्यात, वाटेत. एकदा तो उठून भांडायला आला तर शिरीषही भांडला. मध्यंतरानंतर अभयने बॉल पुढे ढकलला, चारुदत्तने तो कसाबसा गोलमध्ये लोटला, एक-एक. मावळे ओरडत एकमेकांच्या अंगावर पडले आणि निशिकांत रेषेबाहेर उभा राहून ओरडत होता की पुरे, जागेवर जा, अजून अर्धा तास आहे. शिरीषचे वडील खुर्ची सोडून केव्हाच उभे राहिले होते.

शेवटची दहा मिनिटं उरली. हॉटेलवाले सगळेच पुढे आले. शिरीष धावता धावता थांबला आणि पिंढरी धरून खाली बसला. गोळा आला होता. पंचाने खेळ थांबवला.

बेंचवर पाच जण होते. यादीप्रमाणे आधी बारावा, मग तेरावा. निशिकांत चौदावा. पण दहा मिनिटं होती, बरोबरी हातात होती, आणि बाराव्याला लेफ्ट बॅकचं ओ की ठो कळत नव्हतं. अशा वेळी अनुभव लागतो, असं निशिकांतने स्वतःला सांगितलं. दहा मिनिटं काय, तो उभ्या उभ्या काढेल. त्याने वरचा टी-शर्ट काढला. आत जर्सी होतीच, ती का घालून आलो हे त्याने सकाळपासून स्वतःला विचारलं नव्हतं. तो रेषेपाशी गेला.

“शिरीष, ये बाहेर,” तो म्हणाला. “मी येतो.”

शिरीषने खालून वर पाहिलं. चेहरा घामाने आणि दुखण्याने वाकडा झाला होता. एका हाताने गवत धरून तो उठला, दुखरा पाय दोनदा जमिनीवर आपटला.

“नाही,” तो म्हणाला. “तुम्ही आलात तर आपण हरू.”

हे त्याने चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. आठवड्यापूर्वी असं कुणी बोललं असतं तर दहा जण त्याच्या अंगावर धावून आले असते, की अरे, दादांशी असं बोलतोस? निशिकांतने अभयकडे पाहिलं. अभय बुटाची नाडी बांधत होता. रुचिरने गोलमधूनच हाक मारली की शिरीष, लवकर ये, कोपरा मोकळा आहे. चारुदत्तने तर निशिकांतकडे बघून हाताने खूण केली, बाजूला व्हा. पंचाने विचारलं की बदल आहे की नाही. निशिकांतने मान हलवून नाही म्हणून सांगितलं आणि मागे येऊन बेंचवर बसला.

त्याच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. तेरा वर्षांत, बँकेत, घरात, मैदानावर, इतका अपमान त्याचा कुणी केला नव्हता. उठावं, त्या पोराची कॉलर धरावी आणि विचारावं की हा संघ कुणी काढला, असं त्याला वाटत होतं. आणि त्याच वेळी समोर शिरीष लंगडत लंगडत त्या भिंगरीला पुन्हा अडवत होता, अभय मागे पळत येत होता, रुचिर घसा फाडून सगळ्यांना शिव्या घालत होता, आणि यातला एकही जण रेषेबाहेर कोण बसलंय याकडे ढुंकूनही बघत नव्हता. निशिकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं की आणखी कशाचं, याच्या भानगडीत तो पडला नाही. बेंचची कड त्याने दोन्ही हातांनी आवळून धरली आणि ती दहा मिनिटं काढली.

शिटी वाजली. एक-एक. पुढच्या वर्षीची जागा पक्की झाली.

मैदानावर आरडाओरडा चालू असताना शिरीष एकटा लंगडत त्याच्याकडे आला. वडील मागून हाका मारत होते, तरी तो आधी इकडे आला. मघाचं मैदानावरचं तोंड आता राहिलं नव्हतं. त्याचे खांदे पुन्हा पडायला लागले होते, हात पुन्हा मागे जायला लागले होते. सोमवारी सकाळी नऊ वाजता याच माणसासमोर उभं राहायचंय, हे त्याला आठवलेलं दिसत होतं.

“दादा,” तो म्हणाला, “मघाशी माझ्या तोंडून जे गेलं त्याबद्दल—”

निशिकांत ताडकन उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्याचा राग ज्यांनी पाहिला होता त्यांना ठाऊक होतं की खालचा आवाज वाईट.

“माफी मागितलीस,” तो म्हणाला, “तर पुढच्या वर्षभर बेंचवर बसवीन तुला. चल नीघ.”

शिरीष वळला आणि वडिलांकडे गेला.